हृदयाच्या यंत्रांची नवी यादी आणि आबांचा डावा खांदा

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, तू रिटायर झालीस ना, मग अजून आठवड्यातून दोन दिवस हॉस्पिटलात कशाला जातेस. धाकटीने तर वर्गात सांगून टाकलं आहे म्हणे की माझी आजी हृदयं दुरुस्त करते. तसं काही नाही. हृदयं डॉक्टर दुरुस्त करतात. त्या दुरुस्तीला विमा कंपनीच्या भाषेत काय म्हणायचं, ते मी लिहिते.

तुमचे बाबा कॉलेजात गेले आणि घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा मी तळेगावच्या बाजूला नव्याने निघालेल्या एका हॉस्पिटलात पत्रं लिहायच्या कामावर लागले. विमा कंपन्यांची पत्रं इंग्रजीत येत आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, एवढीच माझी पात्रता. मला वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं वेळ जाईल. पण तिथे मला कोड भेटले आणि मी अडकले.

कोड म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून केलेली खूण. प्रत्येक आजाराला एक आणि प्रत्येक उपचाराला एक. डॉक्टर कागदावर लिहितात, पेसमेकर बसवायचा आहे. तेवढ्याने भागत नाही. एक तार की दोन? नवीन बसवायचा की जुन्याची बॅटरी संपली म्हणून बदलायचा? यंत्र नुसते ठोके देणारं आहे की वेळ पडली तर झटका देऊन भरकटलेले ठोके पुन्हा ताळ्यावर आणणारं? या प्रत्येक उत्तराचा कोड वेगळा. चुकीचा कोड पडला तर मंजुरी अडते, आणि मंजुरी अडली की माणूस खाटेवर पडून राहतो. म्हणून हे काम नीटनेटक्या माणसाचं आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता, पण हॉस्पिटलात त्याच सवयीची कदर होते.

मी लागले तेव्हा कोडांच्या यादीत हृदयाच्या यंत्रांना जेमतेम पाव पान होतं. आता त्यांचीच कितीतरी पानं झाली आहेत आणि ती दर वर्षी बदलतात. नवी यादी आली की मी ती छापून घरी आणते, तुंगार्लीच्या घरात मागच्या खोलीत टेबलावर पसरते आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसते. गेलेल्या ओळींना एक रंग, आलेल्यांना दुसरा, नुसते शब्द बदललेल्यांना तिसरा. अमेरिकेतली यादीही मी वाचते, कारण तिथे आज जे नवीन आहे ते काही वर्षांनी आपल्या दारात येतं. त्या यादीत काही कोड कच्चे असतात. उपचार निघालेला असतो, पण तो टिकेल की नाही हे कुणाला माहीत नसतं, म्हणून त्याला तात्पुरता कोड देऊन ठेवतात. पाळण्यातल्या बाळाचं बारसं व्हायचं असावं, तसं ते असतं. त्याने पुढची काही वर्षं निभावली तर पक्का कोड मिळतो. नाही तर एका वर्षी ती ओळच दिसत नाही. तिथे मी जरा थांबते. कुठेतरी कुणीतरी त्या एका ओळीसाठी उमेदीची वर्षं घालवलेली असतात.

तुम्हाला वाटेल, आजी टेलिफोनची डिरेक्टरी वाचतेय. पण मला त्या पानांत माणसाने हृदयाशी काय काय करून पाहिलं ते ओळीने दिसतं. आधी एक तार. मग दोन. मग तीन, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात चालाव्यात म्हणून. मग काडेपेटीतल्या काडीएवढी एक पट्टी, जी छातीच्या कातडीखाली नुसती राहते आणि वर्षानुवर्षं ठोके टिपून ठेवते. मग तार नसलेली कॅप्सूल. ही एका कंपनीच्या माणसाने मला दाखवली होती, अर्थात रिकामा नमुना. भुईमुगाच्या शेंगेहून बारीक. मांडीच्या शिरेतून वर सरकवत नेऊन ती थेट हृदयात सोडतात, आणि तिथे ती आपल्या नाजूक आकड्यांनी स्नायूला धरून बसते. मी ती तळहातावर घेतली आणि किती तरी वेळ परत करायची विसरले. अलीकडे तर अशा दोन कॅप्सुलींची ओळ यादीत आली आहे. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. मध्ये तार नाही. दर ठोक्याला एक दुसरीला निरोप धाडते, आणि तो निरोप रक्तातून जातो. ते वाचलं त्या दुपारी मी पेन्सिल खाली ठेवून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले होते.

हे सगळं आठवायचं कारण आबा. पवनेकडच्या एका खेड्यातले भातशेतकरी, माझ्याच वयाचे. पौष संपत आला होता. शेताच्या बांधावर ते दोनदा कोसळले, तेव्हा मुलाने त्यांना गाडीत घालून कामशेतवरून आमच्याकडे आणलं. मुलगा वराळ्याजवळच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि त्याच्या कंपनीच्या विम्यात आई-वडीलही येतात. तपासणीत दिसलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारी वीज खाली पोहोचतच नाही. खालचा कप्पा आपल्या मनाने, अगदी संथ, चालला होता. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तात्पुरती तार हृदयात नेऊन ती खाटेजवळच्या एका पेटीला जोडली. ती पेटी ठोके देत होती म्हणून आबा बोलत होते. पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही. अशी तार फार काळ ठेवता येत नाही. पक्कं यंत्र लवकर बसवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आमच्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आबा यंत्र बसवून घ्यायला तयार नव्हते. कागदावर अंगठाही देणार नाही, घरी न्या, एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर मुलाने सांगितलं की वडील छाती कापून घ्यायला घाबरतात. डॉक्टर म्हणाले, मग कॅप्सूल बसवू, तिला छातीवर चिरा लागत नाही. मुळात त्यांच्या मनात दोन तारांचंच यंत्र होतं, कारण या आजारात ते हृदयाच्या स्वाभाविक चालीच्या जास्त जवळ जातं. पण काहीच नसण्यापेक्षा कॅप्सूल कितीतरी बरी. आणि तार काढून घरी नेलं तर आबा किती दिवस काढतील हे त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं.

आदल्या वर्षीपर्यंत आमच्या यादीत कॅप्सूलला जागाच नव्हती. 'इतर' या सदरात घालायची, आणि विमा कंपनीकडून नकार यायचा. या वर्षीच्या नव्या यादीत तिला स्वतःचा कोड मिळाला होता, आणि मी तो आठच दिवसांपूर्वी रंगवला होता. मी आनंदाने अर्ज भरून पाठवला. दुपारी उत्तर आलं ते प्रश्न घेऊन. नव्या कोडखाली एक अट होती. तारेचं यंत्र का चालणार नाही, याचं वैद्यकीय कारण द्या. छातीतल्या शिरा बंद आहेत का, पूर्वी जंतुसंसर्ग झाला होता का, वगैरे.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी कामाला चांगली आहे, पण तिला घाई फार. ती म्हणाली, "लिहून टाका ना काकू, शिरा खराब आहेत. कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, शिरा चांगल्या आहेत, सोनोग्राफीत दिसलं आहे. खोटं कारण मी डॉक्टरांपुढे सहीला ठेवणार नाही. पण मग लिहायचं काय, हे मलाही कळेना. भीती हे कारण कंपनी मानत नाही. तेव्हा मनात आलं, आबा नेमके कशाला घाबरतात ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. पूर्वी एखादी जखम चिघळली असेल, एखाद्या ऑपरेशनचा त्रास झाला असेल, तर ते खरं कारण ठरेल. सिस्टरची परवानगी घेऊन मी वर हृदयाच्या वॉर्डात गेले.

इतक्या वर्षांत मी त्या वॉर्डात क्वचितच गेले होते. आबा उताणे पडले होते, सडपातळ, उन्हाने रापलेले, छतावरच्या पंख्याकडे बघत. उशाशी त्यांच्या बायको बसल्या होत्या. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हटलं. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर तिथेच होते आणि आबांचं स्वतःचं हृदय किती चालतं ते तपासत होते. त्यासाठी पेटीचे ठोके हळूहळू कमी करायचे असतात. त्यांनी बटण फिरवलं. वरच्या पडद्यावर ओळीने उमटणारे टोकदार ठोके थांबले आणि रेघ सरळ जाऊ लागली. आबांनी डोळे मिटले. मावशींनी त्यांचं मनगट धरलं. ती रेघ किती वेळ सरळ गेली ते मला सांगता येणार नाही. मग एक रुंद, आळसावलेला ठोका आला. डॉक्टरांनी लगेच बटण परत फिरवलं, ठोके पुन्हा एका ओळीत लागले, आणि आबांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

मी इतकी वर्षं ज्याला एक ओळ म्हणून ओळखत होते, ते हे होतं. एक माणूस जातो आणि एका बोटाच्या फिरवण्याने परत येतो, आणि परत आल्यावर त्याला तहान लागलेली असते.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मी स्टूल ओढून बसले आणि आबांना विचारलं की चिरा द्यायची एवढी भीती का वाटते.  भीती कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं. नांगराचा फाळ पायात घुसला होता तेव्हा आपण स्वतः उपसून काढला होता, हेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, पोरगा लाजला असंल. साहेब लोकांपुढं देवाचं कसं बोलायचं, म्हणून भीती म्हणाला असंल.

तेव्हा सगळं बाहेर आलं. चैत्रात त्यांच्या गावची यात्रा असते आणि गावदेवाची पालखी रात्रभर वाडीवाडीतून फिरते. पालखीला एकच लांब दांडी. पुढचा पहिला माणूस ती डाव्या खांद्यावर घेतो, त्याच्या मागचा उजव्या, म्हणजे पालखी एका अंगाला झुकत नाही. पुढचा पहिला खांदा आबांच्या घराचा. त्यांच्या वडिलांचा होता, त्यांच्या आज्याचा होता. त्याच्या मागचा, उजवा, चुलत घराचा. आणि डॉक्टरांनी यंत्र कुठे बसवणार ते दाखवायला बोट ठेवलं होतं ते बरोबर डाव्या कॉलरबोनखाली, जिथे दांडी टेकते त्याच्या लगत. तिथे दांडीचा भार पडला तर यंत्राला चालणार नाही, हेही सांगितलं होतं.

"खांदा माजा न्हाई, म्याडम," आबा म्हणाले. "त्यो देवाचा हाय. माज्याकडं निस्ता ठिवायला दिलाय."

मावशींनी पदराने डोळे टिपले आणि त्याच दमात टोमणा मारला. "घरात च्याचा कप उचलत न्हाईत. पालखी तेवडी उचलायची."

"च्याचा कप देवाचा हाय का?"

मी विचारलं, यात्रेपुरता खांदा बदलून चुलत घराशी अदलाबदल करता येणार नाही का. मावशी म्हणाल्या, एकदा बदलला की गेलाच तो. भावकी पुढच्या पिढीला सांगेल की आमीच पहिले. मग आबांनी दुसरंही सांगितलं. मुलाने अजून खांदा दिलेला नाही. नोकरी, शिफ्ट, रजा मिळत नाही. निदान एक यात्रा तरी त्याला सोबत चालवून दांडी कशी धरायची, चढावर पाऊल कसं टाकायचं ते दाखवायचं होतं. ते राहिलं तर मग यंत्र बसवून जगायचं कशाला, असं ते म्हणाले नाहीत. पण मला ते ऐकू आलं.

माझ्या डोक्यात कॅप्सूल, तिची अट, शिरा, हे सगळं घोळत होतं. त्या सगळ्यातून एक अगदी साधा प्रश्न वर आला आणि मी तो विचारला. "आबा, यंत्र उजव्या बाजूला बसवलं तर?"

ते चक्रावले. "काळीज डावीकडं असतंय न्हवं? मंग यंतर उजवीकडं ठिवून तितवर पुरंल कसं?"

हा प्रश्न त्यांनी अगदी गंभीरपणे विचारला. मी उठून डॉक्टरांना गाठलं आणि पालखीची सगळी हकीकत सांगितली. ते पटकन मागे फिरले, आबांच्या खाटेच्या कडेला बसले, आणि स्वतःच्या छातीवर बोट फिरवून दाखवलं की शीर दोन्ही बाजूंनी हृदयाकडेच जाते. उजवीकडून वळण जरा वेगळं पडतं, एवढंच. बहुतेक लोक उजव्या हाताने काम करतात, म्हणून सवयीने आम्ही डावी बाजू घेतो. डावखुऱ्यांना उजवीकडेच बसवतो. दीड महिना जपायचं, ओझं उचलायचं नाही. मग चैत्रात डावा खांदा तुमचा मोकळा.

"माजा न्हाई," आबा म्हणाले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरं, देवाचा मोकळा.

आबांनी मान वळवली. मग मावशींना म्हणाले, "कागद आन म्हनावं."

मी खाली आले, नव्या कोडचा अर्ज मागे घेतला आणि जुना कोड भरला. दोन तारा, नवीन बसवणे. पाव पानाच्या त्या पहिल्या यादीतही तो होता. शब्द पुष्कळदा बदलले, आकडे बदलले, पण ती ओळ कधी गेली नाही. संध्याकाळच्या आत मंजुरी आली. शेजारची मुलगी म्हणाली, काकू, एवढी रंगवारंगवी करून शेवटी जुनाच. मी तिला म्हटलं, नव्याची अट वाचली नसती तर मी वर गेलेच नसते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. यंत्राच्या खोक्यातला स्टिकर आमच्याकडे येतो, तो आम्ही कागदाला चिकटवतो. प्रत्येक यंत्राचा क्रमांक वेगळा. जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला तो नसतो. मी स्टिकर चिकटवून त्याच्यावरून अंगठा फिरवला. दूर कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी हे जोडलं, तपासलं, खोक्यात बंद केलं, आणि ते पवनेकाठच्या एका शेतकऱ्याच्या हृदयाशी जाऊन बोलू लागलं होतं. दोघांची भाषा जुळली होती. मला हे रोजचं असायला हवं. अजून ते रोजचं झालेलं नाही.

वैशाखात आबा तपासणीला आले. मुलगा आणि मावशी सोबत होते. तपासणीच्या खोलीत यंत्र वाचणारी मुलगी असते. ती एक चपटी वाटी कातडीवर यंत्राच्या जागी ठेवते आणि आतलं यंत्र काय काय म्हणतं ते संगणकावर उमटतं. आबांनी मला निरोप पाठवला होता, म्हणून मीही जाऊन उभी राहिले. त्यांनी सदरा उजव्या बाजूने बाजूला केला. तिथे बारीक रेघ होती, नीट भरलेली. डावा खांदा मात्र वर काळसर झाला होता आणि त्याची साल निघाली होती.

बॅटरी चांगली, तारा चांगल्या. मग तिने एक आलेख उघडला. माणूस दिवसभरात किती हलला-चालला ते यंत्र रोज टिपत असतं, आणि प्रत्येक दिवसाची एक उभी रेघ होते. सुरुवातीच्या रेघा अगदी बुटक्या, मग हळूहळू उंच होत गेलेल्या. आणि चैत्रात एकच रेघ, बाकी सगळ्यांच्या वर, पडद्याच्या कडेला लागेल अशी. तिच्या पुढची रेघ जवळजवळ नाहीच.

मुलीला काही माहीत नव्हतं. तिने जरा काळजीनेच विचारलं, या दिवशी काय झालं होतं?

 मुलगा म्हणाला, "पालखी होती. वडील पुढं होते. चढ संपल्यावर त्यांनी मला दिली."

"आन् दुसऱ्या दिवशी ह्ये उठलंच न्हाईत," मावशी म्हणाल्या. "दोन येळंला ताट खाटंवर."

आबांनी ते ऐकलंच नाही. ते खुर्चीवरून पुढे वाकले आणि पडद्यावरच्या त्या उंच रेघेला खालून बोट लावलं, मग सावकाश वरच्या टोकापर्यंत नेलं. हे यंत्राला आतून कळलं का, असं त्यांनी विचारलं. कळलं, मी म्हटलं. त्यांनी मुलाला जवळ बोलावून दाखवलं, आणि बोट तिथेच ठेवून राहिले. बाहेर पुढचे पेशंट थांबले होते. आलेख बंद करायला त्या मुलीने हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला.